गाडीच्या आतील सदोष पार्ट आणि रखडलेली वॉरंटी : या चुका टाळा

माझ्या गाडीला ११ महिने झाले होते तेव्हा डॅशबोर्डवर, डावीकडच्या एअरबॅगच्या झाकणालगत, वरचे पातळ आवरण फोड आल्यासारखे फुगलेले दिसले. तिसऱ्या मोफत सर्व्हिसच्या वेळी मी ते सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला दाखवले. त्याने बोटाने दाबून पाहिले, स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला आणि "वॉरंटीत होऊन जाईल, सर" असे सांगितले. चार महिन्यांनी चौकशीला गेलो तेव्हा तो अ‍ॅडव्हायझर नोकरी सोडून गेला होता, त्याच्याबरोबर फोटोही गेला होता आणि माझ्या जॉबकार्डावर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात "जनरल चेकअप, वॉशिंग" एवढेच लिहिलेले होते. कंपनीच्या लेखी माझ्या डॅशबोर्डची तक्रार तोवर जन्मालाच आलेली नव्हती.

इंजिन किंवा गिअरबॉक्स बिघडला की गाडी वर्कशॉपमध्ये जागा अडवून बसते आणि ती बाहेर काढण्याची घाई डीलरलाही असते. छताचे कापड लोंबले, एसीच्या झडपेची पट्टी निखळली, स्टिअरिंगचे आवरण सुटले किंवा काचेचे बटण अडकू लागले तरी गाडी मात्र चालत राहते. त्यामुळे अशा कामाची घाई कोणालाच नसते. आठवड्यांचे महिने होतात आणि वॉरंटीची मुदत मागच्या दाराने निघून जाते. या विलंबातला पार्ट न मिळण्याचा भाग आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी असतो. मोठा भाग कागदावरच्या पोकळीचा असतो आणि ती पोकळी बहुतेक वेळा आपल्याच चुकांनी तयार होते.

तोंडी सांगणे आणि मोघम लिहिणे

वॉरंटीचे काम साधारणपणे असे पुढे सरकते : अ‍ॅडव्हायझर जॉबकार्ड उघडतो, तंत्रज्ञ दोष तपासतो, डीलरकडील वॉरंटी विभाग फोटो, चासी क्रमांक आणि ओडोमीटरचा आकडा जोडून दावा तयार करतो, महागड्या पार्टसाठी कंपनीची पूर्वमंजुरी घेतली जाते आणि मग पार्टची मागणी नोंदवली जाते. या साखळीची पहिली कडी जॉबकार्डावरचे वाक्य असते. "डॅशबोर्ड खराब" असे लिहिले, तर पुढचा माणूस ते ओरखडा समजून बाजूला ठेवू शकतो. त्याऐवजी "डावीकडील एअरबॅगच्या झाकणाच्या वरच्या कडेला सुमारे ८ सेंटिमीटर लांबीत आवरण खालच्या फोमपासून सुटले आहे, ओडोमीटर ११,४०० किलोमीटर, बाहेरून कोणताही आघात नाही" असे लिहून घ्यावे. अ‍ॅडव्हायझर लिहिण्यास नाखूश असेल, तर हेच वाक्य त्याच दिवशी डीलरच्या अधिकृत ईमेलवर फोटोंसह पाठवावे आणि त्यात जॉबकार्डचा क्रमांक नमूद करावा. अ‍ॅडव्हायझरच्या वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर विसंबू नये. माणूस बदलला की तो धागाच हातातून सुटतो.

याला जोडूनच दुसरी चूक घडते. गाडी परत घेताना अंतिम जॉबकार्डावर "तपासले, ठीक आहे" असा शेरा असतो आणि आपण तो न वाचता सही करतो. पुढे संध्याकाळी अभिप्रायासाठी फोन येतो आणि समोरच्या मुलाच्या नोकरीचा विचार करून आपण भिडेखातर दहापैकी दहा गुण देतो. आपल्या समाधानाचा हाच पुरावा नंतर आपल्यासमोर ठेवला जातो. पार्ट यायचा बाकी असेल, तर कार्डावर "पार्टची प्रतीक्षा" असे शब्द आणि मागणीची तारीख असल्याखेरीज सही करू नये.

वॉरंटी संपण्याच्या आत तक्रार नोंदलेली असणे हा यातला कळीचा मुद्दा आहे. मुदतीत नोंदलेल्या दोषाचा पार्ट मुदतीनंतर आला, तरी दावा टिकवता येतो; मात्र दोष मुदतीतच दाखवला होता हे सिद्ध करणारा कागद आपल्याकडे असावा लागतो.

दोष आणि झीज यांतला फरक न ओळखणे

वॉरंटीची पुस्तिका गाडीच्या कप्प्यात पहिल्या दिवसापासून पडलेली असते आणि ती शेवटपर्यंत कोरीच राहते. आतील भागांबाबतचे बहुतेक वाद तिच्यातल्या अपवादांवरून होतात. कापडाचा रंग उडणे, सीट घासून चकचकीत होणे, चकाकत्या काळ्या प्लास्टिकवर ओरखडे पडणे यांना कंपन्या सहसा नैसर्गिक झीज मानतात. कार्यावर परिणाम न करणारा किरकोळ आवाज किंवा कंपन हेही अपवादांच्या यादीत अनेकदा असते. म्हणून "खडखड येते" ही तक्रार एकटी टिकत नाही. तंत्रज्ञाला शेजारी बसवून रोड ट्रायल घ्यावी, आवाज कोणत्या वेगाला आणि कोणत्या रस्त्यावर येतो हे दाखवावे आणि त्याचे मूळ, म्हणजे तुटलेली क्लिप, सैल झालेला ब्रॅकेट किंवा वेल्डिंगपासून सुटलेला पॅनेलमागचा छोटा खांब, कार्डावर लिहून घ्यावे. आवाज हा अपवाद ठरू शकतो. तुटलेली क्लिप हा दोष असतो.

विस्तारित वॉरंटी विकत घेतली म्हणून निर्धास्त राहणे हीही चूक आहे, कारण त्या योजना मुख्यतः यांत्रिक आणि विद्युत भागांसाठी असतात आणि सीटचे कापड, छत, दरवाजांची पॅनेल हे भाग त्यांतून बरेचदा वगळलेले असतात. आतील भागांची जी काही लढाई लढायची, ती मूळ वॉरंटीच्या काळातच लढावी लागते.

घरगुती उपाय

उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतो. त्या उष्णतेने आवरणाला मऊपणा देणारे घटक हळूहळू बाहेर पडतात आणि आवरण आकसते, कडक होते किंवा खालच्या फोमपासून सुटते. मऊ स्पर्शाचा रंग दिलेली बटणे आणि हँडल कोकणासारख्या दमट हवेत चिकट होतात, कारण त्या रंगातील पॉलियुरेथेन ओलाव्याने विघटित होत जाते. मूळ कारण साहित्याच्या निवडीतच असते. आपण मात्र त्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारतो, सुटलेली कड झटपट डिंकाने चिकटवतो किंवा चिकट बटण थिनरने पुसतो आणि "ग्राहकाने रसायन वापरले" हे कारण आयतेच हाती देतो. तक्रार नोंदवून फोटो निघेपर्यंत दोषाला हात लावू नये.

बाहेरच्या दुकानातून बसवलेली सीट कव्हरेही अडचणीची ठरतात. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असलेल्या गाडीला घट्ट कव्हर चढवले तर दावा अडकतोच, शिवाय एअरबॅग उघडण्याची वाटही अडते. वायर कापून बसवलेला म्युझिक सिस्टीम किंवा दिवे यांचेही तसेच आहे. तरीही बदल एका ठिकाणी आणि दोष दुसऱ्या ठिकाणी असेल, तर नकार मुकाट्याने स्वीकारू नये. पुस्तिकेतील कोणत्या अटीनुसार आणि कोणत्या तांत्रिक कारणाने दावा नाकारला, हे लेखी मागावे. लेखी उत्तर देण्याची वेळ आली की तोंडी नकार बरेचदा मवाळ होतात, असा माझा अनुभव आहे.

"पार्ट आलेला नाही" हे उत्तर पुरेसे मानणे

या तीन शब्दांमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात : दावा कंपनीकडे गेलेलाच नाही, गेला आहे पण मंजुरी मिळालेली नाही, किंवा मंजुरी मिळून मागणी नोंदली आहे आणि पार्ट मागेच अडकला आहे. प्रत्येक परिस्थितीवरचा उपाय वेगळा असतो, म्हणून दर वेळी दाव्याचा क्रमांक व तारीख, मंजुरीची तारीख आणि पार्टच्या मागणीचा क्रमांक ही माहिती विचारावी. मागणी क्रमांक सांगता येत नसेल, तर मागणी झालेली नाही असे समजून चालावे.

पार्ट खरोखरच उशिरा येण्याचीही कारणे असतात. इंजिनचा फिल्टर सगळ्या रंगांच्या गाड्यांना चालतो, पण दरवाजाचे पॅनेल व्हेरियंटप्रमाणे, रंगाप्रमाणे आणि डाव्या-उजव्या बाजूप्रमाणे वेगळे असते, त्यामुळे डीलर ते साठवून ठेवत नाही. मॉडेलचा चेहरामोहरा बदलला की जुन्या रंगसंगतीचे भाग थोडे थोडे बनतात. आमच्या चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या आतील भागांचे साचे दिवसरात्र चालतात, पण डॅशबोर्ड थेट तिथून आपल्या डीलरकडे येत नाही. तो कंपनीच्या पार्ट डेपोचा वळसा घेऊनच येतो. म्हणून चासी क्रमांकावरून पार्ट क्रमांक काढला आहे ना, आणि त्यात रंगाचा संकेत बरोबर आहे ना, हे मागणीच्या वेळीच समोर बसून पाहावे. माझ्या बाबतीत दोन महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर जे खोके आले, त्यात करड्याऐवजी काळा डॅशबोर्ड होता.

कंटाळून एकाच वेळी दुसऱ्या डीलरकडे तोच दावा टाकू नये, कारण एकाच चासी क्रमांकावर एकच पार्ट दोनदा मागितला गेला की शंका उपस्थित होते आणि दोन्हीकडचे काम थांबू शकते. डीलर बदलायचा असेल तर पहिली मागणी रद्द झाल्याचे लेखी घ्यावे. काढलेला जुना पार्ट घरी नेण्याचा हट्टही धरू नये, कारण तपासणीसाठी तो दाव्यासोबत ठेवावा लागतो. त्याचे फोटो मात्र जरूर काढावेत.

या सर्व सबुरीला एक अपवाद आहे. सीटबेल्टचा लॉक किंवा गुंडाळी, एअरबॅगचे झाकण, एअरबॅगचा पेटून राहणारा दिवा आणि सीटची रुळावरची पकड यांत दोष असेल, तर तो सजावटीचा विषय राहत नाही. गाडी चालवण्यास सुरक्षित आहे की नाही, हे डीलरकडून लेखी मागावे आणि तोवर ती चालवू नये. अशा दोषासाठी मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०-अ केंद्र सरकारला वाहने परत बोलावण्याचे आदेश देण्याचा अधिकार देते. आपल्या चासी क्रमांकावर एखादे रिकॉल आधीच लागू आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. तसे असेल तर वॉरंटीचा वाद घालण्याची गरजच उरत नाही.

फक्त डीलरशी भांडत बसणे

काउंटरवर आवाज चढवून काही मिळत नाही, कारण समोरच्या माणसाच्या हातात मंजुरीही नसते आणि पार्टही नसतो. वॉरंटी उत्पादक कंपनीने दिलेली असते. गोव्यातील एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली असे म्हटले की डीलर आणि उत्पादक यांचे नाते दोन स्वतंत्र व्यावसायिकांचे असेल आणि उत्पादकाला माहिती असल्याचे सिद्ध झाले नाही, तर डीलरच्या कृत्याची जबाबदारी उत्पादकावर टाकता येत नाही. ते प्रकरण गाडीच्या विक्रीसंबंधीचे होते, पण त्यातून घ्यायचा धडा आपल्यालाही लागू पडतो : कंपनीच्या ग्राहक विभागाला स्वतंत्र ईमेल करावा, तक्रार क्रमांक घ्यावा आणि सर्व जॉबकार्डे जोडावीत, म्हणजे "आम्हाला कळलेच नाही" असे म्हणण्यास जागा राहत नाही.

दुरुस्ती किती दिवसांत होईल, हे वॉरंटी पुस्तिकेत सहसा लिहिलेले नसते. ती तारीख आपणच पत्रात घालावी लागते. "अमुक तारखेपर्यंत पार्ट बसवून द्यावा, अन्यथा विलंबाचे कारण व अपेक्षित तारीख लेखी कळवावी" असे पत्र डीलर आणि कंपनी या दोघांना स्पीड पोस्टने पाठवावे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी; पुष्कळ प्रकरणे तिथेच हलतात. कागद नीट लावून घेण्यासाठी १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे मार्गदर्शनही घेता येते.

यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार तिथे करता येते आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ती आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही करता येते. शुल्क ५ लाखांपर्यंत नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये आणि २० लाखांपर्यंत ४०० रुपये आहे. इथे दोन चुका महागात पडतात. पहिली म्हणजे मुदतीची : तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हावे लागते आणि आपण स्मरणपत्रे पाठवत राहिलो म्हणून ती मुदत आपोआप वाढत नाही. दुसरी म्हणजे फुगवलेल्या मागणीची. डॅशबोर्डच्या फुगवट्यासाठी नवी गाडी मागणारा अर्ज मूळ तक्रारीचेही वजन घालवतो. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर उत्पादकाची जबाबदारी तेवढीच राहते आणि पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सांगितले आहे. पार्ट, मजुरी, विलंबाची वाजवी भरपाई आणि खर्च एवढेच मागावे. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग तो पार्ट कलम ३८ नुसार प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून तोवर तो बाहेर दुरुस्त करून घेऊ नये.

पार्ट बसवण्याचा दिवस

डॅशबोर्ड बदलणे हे दिवसभराचे काम असते. त्यासाठी स्टिअरिंग, एअरबॅग आणि वायरिंगचे अनेक जोड सुटे करावे लागतात आणि घाईत एखादी क्लिप तुटते किंवा एखादा स्क्रू उरतो. गाडी शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत ताब्यात घेऊ नये. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझतो का, एसीच्या सर्व झडपांतून हवा येते का, हॉर्न आणि काचेची बटणे चालतात का, हे वर्कशॉपमध्येच पाहावे. मी माझी गाडी शेजारच्या खडबडीत रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवली, तेव्हा डावीकडच्या काचेखाली नवाच खडखडाट ऐकू आला. परत फाटकातून आत शिरलो, अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून पुन्हा त्याच रस्त्याने नेले आणि तो आवाज, त्याची जागा व ओडोमीटरचा आकडा जॉबकार्डावर लिहून घेतल्यावरच सही केली.