ऑटिझमचे उंदीर: वंश न तपासता वर्तन मोजताय? या चुका टाळा

खारघर-बेलापूरकडून बायोटेकची मुलं ऑटिझमच्या प्रोजेक्टमधले, उंदरांच्या वर्तनाचे आलेख घेऊन येतात, तेव्हा मी आधी एकच विचारते: कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नॉर्मल उंदीर कुठून आणलेत? "विकत घेतले मॅडम, सी५७च आहेत," असं उत्तर आलं (सी५७ हा प्रयोगशाळेतला नेहमीचा वंश) की आलेखाकडे वळण्यात अर्थ नसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नॉकआऊट, म्हणजे एखादं जनुक बंद केलेले उंदीर, आपल्या ॲनिमल हाऊसमध्ये वाढलेले, नॉर्मल बाहेरचे. आई वेगळी, पिंजरा वेगळा, पिढ्यान्‌पिढ्या साचलेले जनुकीय बदल वेगळे. मग दिसलेला फरक कशाचा म्हणायचा? एकाच वेतातली पिल्लं वापरा. फ्रॅजाइल एक्स या ऑटिझमशी निगडित विकारामागचं एफएमआर१ जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं तिथं हे सोपं जातं: वाहक मादी आणि साधा नर यांच्या एकाच वेतात नॉकआऊट आणि नॉर्मल, दोन्ही प्रकारचे नर मिळतात.

तेवढ्यानं भागत नाही. जुने बरेचसे नॉकआऊट '१२९' नावाच्या वंशाच्या मूलपेशींतून घडवलेले आहेत. सी५७शी दहा पिढ्या बॅकक्रॉस (पुन्हा पुन्हा संकर) केला तरी बदललेल्या जनुकाला लागून असलेला १२९चा तुकडा त्याच्याबरोबर टिकून राहतो, आणि नॉर्मल भावाकडे तो नसतो. परिणाम तुमच्या जनुकाचा की त्याच्या शेजाऱ्यांचा, हे अशा वेळी भावंडांची तुलनाही सांगू शकत नाही. थेट सी५७मध्ये क्रिस्परनं (जनुकात नेमका बदल करण्याच्या तंत्रानं) केलेला दुसरा म्युटंट मिळाला तर जरूर तपासा.

सी५७चा उपवंश ६जे की ६एन, हेही नोंदवा. १९५१पासून हे उपवंश वेगळे वाढलेत. ६एनच्या सीवायएफआयपी२ जनुकात बदल आहे, आणि त्याचं प्रथिन एफएमआरपीशी, म्हणजे एफएमआर१ जनुकाच्या प्रथिनाशी, जोडलं जाणारं. फ्रॅजाइल एक्सवर काम करणाऱ्यानं याकडे दुर्लक्ष करून कसं चालेल?

उंदीर तीन कप्प्यांच्या खोक्यात अनोळखी उंदराच्या जाळीपाशी गेला नाही, की लगेच 'सामाजिक अनास्था' लिहू नका. एफव्हीबी वंशाचे उंदीर लहानपणीच आंधळे होतात, डीबीए/२ लवकर बहिरे. आधी भुशात बिस्किटाचा तुकडा पुरा, वासावरून शोधतो का पाहा.

ऑटिझमच्या अभ्यासात वापरले जाणारे बीटीबीआर वंशाचे उंदीर कमी मिसळतात, अंग फार चाटतात, पण त्यांच्या मेंदूत दोन्ही अर्धगोल जोडणारा कॉर्पस कॅलोसमच नसतो. सी५७शी त्यांची तुलना म्हणजे दोन वंशांची तुलना, एका जनुकाची नव्हे.

'उंदरांवर औषध लागू पडलं' ही बातमी वाचून ठाण्यातले पालक फार आशेनं विचारायला येतात. म्हणून निष्कर्ष लिहिण्याआधी तोच परिणाम दुसऱ्या वंशात, निदान एफ१ संकरात (दोन वंशांच्या पहिल्या संकरित पिढीत) तरी तपासा. तपासला नसेल, तर वंशाचं नाव शीर्षकातच घाला.