सासूबाई गावाहून राहायला येतात तेव्हा: छोट्या घरात चोखंदळ माणसाशी कसं जमवावं

सासूबाई महिनाभर येणार असं ऑफिसात नुसतं म्हटलं तरी लगेच दोन सल्ले मिळतात. एक, "स्वतःच्या आईसारखं समज" आणि दुसरा, "एका कानानं ऐक, दुसऱ्या कानानं सोडून दे". मला दोन्ही सल्ल्यांचा मनापासून राग येतो. आईसारखं समजलं म्हणून सकाळी गॅसचा दुसरा बर्नर मोकळा होत नाही, आणि ज्या घरात किचनमधून हॉलमध्ये सात पावलं आहेत तिथे सोडून काय देणार, सगळं ऐकू येतंच की.

माझ्या सासूबाई मालवणकडच्या. आम्ही मुलुंडला वन बीएचकेमध्ये राहतो, दोघं नोकरीला, मुलगा शाळेत. गावाकडची भातकापणी उरकली की आई येतात. पेज उकड्या तांदळाचीच, नारळ विळीवर बसून खवलेलाच, मासा बर्फातला चालणार नाही, आणि मावशींनी घासलेली भांडी परत एकदा विसळल्याशिवाय त्या वापरत नाहीत. यातलं काहीही बदलायच्या भानगडीत पडू नका, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या सवयी बदलत नाहीत आणि त्या बदलायचा आपल्याला हक्कही नाही. आपल्याला फक्त घर असं लावायचंय की त्यांची सवय आणि आपली सकाळ एकमेकींच्या आड येणार नाहीत.

तिकीट दोन्ही बाजूचं

येण्याचं तिकीट काढताना परतीचंही काढा. रेल्वेचं आगाऊ बुकिंग 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे महिना-दीड महिन्याचा मुक्काम त्यात आरामात बसतो. बाई एकटी किंवा दोघीच प्रवास करत असतील तर 45 वर्षांपुढे लोअर बर्थचा कोटा असतो, तो निवडा. परतीची तारीख ठरलेली असली की त्यांनाही बरं वाटतं, गावच्या घराची, गुरांची, परड्यातल्या नारळांची काळजी असतेच त्यांना. "राहा हो हवं तेवढं" हे प्रेमाचं वाक्य वाटतं पण त्यानं सगळेच अधांतरी राहतात.

घ्यायला नवऱ्यानं जायचं. कोकणकन्या ठाण्याला भल्या पहाटे येते, त्या वेळी सुनेनं टॅक्सीत पेंगत बसण्यात काहीच मिळवण्यासारखं नाही.

झोपायची जागा, बाथरूम, टीव्ही

खाट भिंतीकडची, कमोडशेजारी धरायला दांडी, बाथरूमचा नंबर त्यांचा पहिला. रिमोट त्यांच्या हातात. झालं.

पाणी

मुंबईत महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळेत येतं हे गावाकडून आलेल्या माणसाला नीट सांगावं लागतं, कारण तिथे विहीर दारात असते. आईंना एकदा हे कळलं की त्या घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवतात, पातेली, कुकर, मुलाची पाण्याची बाटलीसुद्धा. मी आधी हे थांबवायला बघायचे. आता नाही थांबवत, कारण पाण्याची भीती खोटी नाही, जून 2024 मध्ये तलाव तळाला गेले तेव्हा महापालिकेनं 10 टक्के कपात केलीच होती. फक्त दोन गोष्टींवर मी ठाम आहे: भरलेल्या प्रत्येक भांड्यावर झाकण हवं आणि आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून घासायचं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. हे असं कारणासकट सांगितलं तर त्या पाळतात, नुसतं "नका ना भरू आई" म्हटलं की दुसऱ्या दिवशी दोन भांडी जास्त भरलेली असतात.

किचन

आता मुद्द्याचं. सगळी भांडणं इथे होतात, मासे, मीठ, भांडी ही फक्त निमित्तं असतात. मला हा भाग कितीतरी दिवस जमत नव्हता, त्यामुळे याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, "आई तुम्ही बसा, आराम करा" हे वाक्य तोंडातून काढू नका. सगळे हेच सांगतात, आणि माझ्या मते सासू घरी आल्यावर यापेक्षा वाईट काही बोलता येत नाही. गावाला ही बाई पहाटे उठून चूल पेटवते, अंगण झाडते, गुरांचं बघते, मुंबईत तिला आपण तिसऱ्या मजल्यावरच्या सोफ्यावर बसवतो आणि वर सांगतो की काही करू नका. मग तिचं लक्ष कुठे जाणार? आपल्या डब्यांकडे, आपल्या फोडणीकडे, आपण किती तेल घातलं त्याच्याकडे. चोखंदळपणा निम्मा तिथून येतो. हाताला काम नसलेला हुशार माणूस दुसऱ्याच्या कामातलं बघत बसतो.

दुसरा वाईट सल्ला म्हणजे कामं वाटून घ्या. भाजी तुम्ही करा, पोळ्या मी करते. मुंबईच्या किचनमध्ये हे होत नाही. ओटा पाच फुटांचा, दोन माणसं उभी राहिली की एकीला फ्रिज उघडण्यासाठी दुसरीला बाहेर पाठवावं लागतं. भाजी करणाऱ्याला पोळीवालीचा तवा मध्ये येतो, पोळीवालीला विळी पायात येते, आणि मग "सरक गो जरा" पासून सुरू होऊन कुठे पोचतं ते सगळ्यांना माहितीये.

म्हणून कामं नाही, वेळ वाटा. आमच्याकडे सकाळी साडेआठपर्यंत किचन माझं. तीन डबे, मुलाचं दूध, आमचा चहा, मी बाहेर पडले की त्यानंतर रात्रीपर्यंत किचन आईंचं. आणि आईंचं म्हणजे खरोखर त्यांचं. रात्रीचं जेवण काय, किती, कशात, हे त्या ठरवतात. मी ऑफिसातून फोन करून "आज काय करताय" असं विचारत नाही, घरी आल्यावर झाकण उचलून बघत नाही. त्यांनी डाळीचा डबा खाली आणि मसाल्याचा वर ठेवला तर मी तो परत जागेवर ठेवत नाही, त्या आहेत तोवर तीच त्याची जागा. हा भाग खूप जड जातो, सांगून ठेवते. संध्याकाळी दमून आल्यावर हिंगाची डबी सापडली नाही की डोळ्यात पाणी येतं. तरीही हलवू नका, त्यांनाच विचारा, त्या लगेच काढून देतात आणि देताना त्यांना बरं वाटतं.

हे वाटप कोणी सांगायचं? नवऱ्यानं. सुनेनं नाही, कधीही नाही. तेच वाक्य सुनेच्या तोंडून "माझ्या किचनमध्ये येऊ नका" असं ऐकू जातं. आणि सांगायचं त्या गावाला असतानाच, फोनवर. मुंबईत आल्यावर ओट्याजवळ उभं राहून सांगितलं तर ती तक्रार होते, आधी सांगितलं तर ती घराची पद्धत असते. नवऱ्यानं काय बोलायचं तेही ठरवून द्या, नाहीतर पुरुष "आई, तू आणि ती बघून घ्या काय ते" म्हणून फोन ठेवतात. आमच्याकडचं वाक्य साधं आहे: "आई, सकाळी साडेआठपर्यंत आम्हा तिघांची गाडी पकडायची धावपळ असते, तोवर तू हॉलमध्ये चहा पी, त्यानंतर किचन तुझं, रात्रीचं जेवण तुझ्या हातचं." यात "ती म्हणते" असं एकदाही यायला नको.

पहिल्या दिवशी हे मोडणार. त्या सहालाच किचनमध्ये येतील, पेजेचं पातेलं चढवायला. पेज शिजायला वेळ लागतो आणि सकाळची न्याहारी त्यांना तीच लागते, तेव्हा हा त्यांचा हट्ट म्हणायचा नाही, ती त्यांची भूक आहे. मी उकडा तांदूळ रात्री भिजवून ठेवते आणि सकाळी उठल्या उठल्या मागच्या छोट्या बर्नरवर पेज लावून टाकते, सातला त्यांच्या हातात वाटी आणि बरोबर लोणचं किंवा भाजलेली सुकट. तुमच्या सासूबाईंचं जे काही सकाळचं असेल, ज्वारीची भाकरी असेल, साबुदाणा असेल, नुसता बिनसाखरेचा चहा असेल, ते त्यांनी मागायच्या आत हजर पाहिजे. या एका कामासाठी सकाळची दहा मिनिटं जातात आणि बाकीचा दीड तास वाचतो. हे न करता फक्त "साडेआठपर्यंत येऊ नका" एवढंच राबवायला गेलात तर तो अपमान आहे आणि त्या तो विसरणार नाहीत.

जेवणाबद्दल एक. खोटं कौतुक करू नका, म्हाताऱ्या माणसांना ते लगेच कळतं. आवडलं तर दुसऱ्यांदा वाढून घ्या, एवढं पुरतं. मुलाला तिखट लागत असेल तर त्याच्यासाठी दही काढून ठेवा, "आई, मसाला जरा कमी" हे जेवताना बोलू नका, दुसऱ्या दिवशी नातवालाच आजीला सांगू दे. नातवाचं ऐकतात.

मासे

हे खातं मी पूर्णपणे त्यांना देऊन टाकलंय. मी आणलेल्या माशाकडे बघून त्या म्हणायच्या "ह्यो बांगडो शिळो आसा", आणि खरं सांगायचं तर तो असायचाच, मला कळत नव्हतं. आता त्यांना मार्केटात घेऊन जायचं, पिशवी आपण धरायची आणि गप्प उभं राहायचं. कल्ले उचलून लाल आहेत का बघणं, डोळा वर आलेला की आत गेलेला, बोटानं दाबल्यावर खड्डा राहतो का, हे सगळं त्या करतात, कोळणीशी वाट्यावरून घासाघीस करतात, आणि घरी येतात तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा असतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मार्केटात बर्फातलाच माल जास्त. त्या दिवसात येणाऱ्या चोखंदळ माणसाला आधीच सांगा आणि सुक्या माशांची सोय ठेवा. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार वार पाळतात, ते कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा, संकष्टी आणि एकादशीसकट, म्हणजे चुकून अंड्याचं काही होत नाही.

मावशी

हे मात्र अगदी कडक पाळा. घरकामाच्या मावशींना काहीही सांगायचं ते फक्त तुम्ही. आई भांडी परत विसळतात, विसळू द्या, पण मावशींसमोर नको. मी मावशींना आधीच सांगून ठेवते की महिनाभर आमच्या आई आहेत, भांडी जरा जास्त पडतील, आणि त्या महिन्याचे पैसे वाढवून देते. मुंबईत चांगल्या मावशी गेल्या तर परत मिळत नाहीत, आणि त्या जातात त्या पैशापेक्षा जास्त कोणीतरी मागे उभं राहून बघत असतं म्हणून. आईंनाही स्पष्ट सांगितलंय, "आई, तिला काही बोलायचं असलं तर मला सांगा, मी बोलते." आणि खरंच बोलायचं, नुसतं ऐकून ठेवायचं नाही.

जिथे मी ऐकत नाही

गोळ्या आणि मीठ. आईंना बीपी आहे. खारवलेला बांगडा, पापड, लोणचं आणि वर आमटीत चवीला मीठ, हे सगळं एका दिवसात झालं तर मी बोलते, आणि थेट बोलते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. आमच्यात ठरलंय की खारं काही एक असेल तर दुसरं नाही. त्या कुरकुरतात. चालेल. मनासारखं वागू देणं वेगळं आणि तब्येतीकडे डोळेझाक वेगळी, आणि ज्या सुना "कशाला बोलायचं, वाईटपणा येतो" म्हणून गप्प बसतात त्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. गोळ्यांचा डबा सोमवार ते रविवार खणांचा आणा आणि भरायचं काम नवऱ्याला द्या.

दुपारी त्यांना घरात एकट्याला कोंडल्यासारखं होतं, तेव्हा सोसायटीतल्या कोणा मालवणी आजीशी गाठ घालून द्या, मुंबईत कोकणातलं माणूस सापडत नाही अशी इमारत नसेल. संध्याकाळी बाग. दशावताराचे प्रयोग मुंबईतही लागतात, पेपरात नाटकांच्या जाहिराती बघत राहा आणि एक तरी दाखवा.

जाताना

शेवटच्या आठवड्यात त्यांना गावाला काय न्यायचंय ते विचारा आणि दादरला एकदाच जाऊन सगळं आणा, रोज एकेक वस्तू आठवत बसण्यापेक्षा ते बरं. डबे मात्र त्या गेल्यावरच जागेवर लावा, त्यांच्यासमोर आवराआवर सुरू करू नका. स्टेशनवर उतरून पुढे एसटीनं जाणार असतील तर बायकांना मार्च 2023 पासून तिकीट अर्धं आहे आणि 75 पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून फुकट, पण वय दाखवायला आधार कार्ड लागतं, ते बॅगेच्या तळाला न टाकता पर्सच्या वरच्या खणात ठेवा. आणि गाडी सुटायच्या आधी पुढच्या वर्षी कधी येणार ते नवऱ्यानंच विचारून घ्यायचं, म्हणजे साठ दिवस आधी बुकिंग उघडेल त्याचा अलार्म लावता येतो.