येशू जसा आहे तसा: घरगुती प्रार्थनेत मार्ककृत शुभवर्तमान कसं वाचावं

आपल्यापैकी बहुतेकांना येशू आधी कॅलेंडरवर भेटतो, वचनात नंतर. भिंतीवरचा शांत चेहरा, संडे स्कूलमध्ये पाठ झालेली गीतं, कुणाच्या साक्षीत, म्हणजे देवाचा अनुभव सांगताना, ऐकलेला झटपट चमत्कार यांतून मनात एक येशू घडत जातो. तो कधी चिडत नाही, थकत नाही, आपल्याला अडेल असं काही बोलत नाही. शुभवर्तमानातला येशू वेगळा निघाला की आपण नकळत शुभवर्तमानालाच मुरड घालतो. तसं होऊ नये म्हणून आठ आठवड्यांची ही पद्धत आहे. सांगली, मिरज, कराड, सातारा भागात घरगुती प्रार्थनेला जमणाऱ्या सहा ते आठ जणांना ती पुरते. एकट्यानंही करता येते.

मार्क निवडायचा कारण तो चार शुभवर्तमानांत सगळ्यांत छोटा, १६ अध्यायांचा, आणि येशूला सजवण्याच्या फंदात न पडणारा. आठवड्याला दोन अध्याय, बैठक सव्वा तासाची. ऊसतोडीच्या दिवसांत माणसं उशिरा येणार हे धरूनच वेळ ठरवा. प्रत्येकाकडे पवित्र शास्त्र, पेन्सिल आणि शंभर पानी वही असावी. मोबाइलवर वाचणाऱ्यांना निदान या आठ आठवड्यांसाठी छापील प्रत द्या, कारण खुणा करायच्या आहेत.

सुरुवातीच्या आठवड्याच्या आधी एका रविवारी दुपारी संपूर्ण मार्क मोठ्यानं वाचून काढा. आळीपाळीनं वाचलं तर साधारण दीड तास लागतो. आठव्या अध्यायानंतर चहा घ्या. त्या दिवशी चर्चा करू नका. फक्त दोन खुणा करायच्या: समजलं नाही तिथं प्रश्नचिन्ह, आणि मनाला बोचलं तिथं उभी रेघ. उभ्या रेघा जास्त महत्त्वाच्या. एकही रेघ आली नाही, तर तो माणूस ओळखीचं गाणं ऐकावं तसं वाचतोय. त्याला ही ठिकाणं दाखवा: अध्याय ३, ओवी (वचन) ५, म्हणजे ३:५ मध्ये येशू रागानं सभोवार पाहतो. ३:२१ मध्ये घरचेच लोक त्याला भान नाही असं म्हणून धरायला येतात. ६:५ मध्ये नासरेथात त्याला फारसं काही करता येत नाही. १३:३२ मध्ये तो म्हणतो की शेवटाची ती घटका पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, ठाऊक नाही.

बैठकीत दोन अध्याय वाचून झाले की सगळ्यांच्या रेघांमधली एकच ओवी घ्या, जास्त नको. ती सावकाश तीनदा वाचा. मग फक्त काय लिहिलंय तेवढंच बोला: कोण, कुठं, कुणाला काय म्हणालं. त्यानंतर पहिली दहा मिनिटं अर्थ सांगायला कुणालाही परवानगी नाही, पाळकांनाही नाही. प्रत्येकानं ‘मला हे ऐकून असं वाटलं’ एवढंच म्हणायचं. हा नियम कडक वाटतो, पण सगळी पद्धत त्याच्यावर उभी आहे. बहुतेक ठिकाणी बिघडतं ते इथंच. कुणीतरी मिनिटाभरात ‘देवाची योजना असते’ म्हणतं, बाकीचे आमेन म्हणतात आणि ज्याच्या मनात काटा होता तो गप्प बसतो. पुढच्या आठवड्यात तो येतही नाही.

चौथ्या आठवड्यातल्या ७:२४ ते ३० या ओव्यांवर तर पूर्ण बैठक ठेवा. सोर प्रांतातली एक परकी बाई आजारी मुलीसाठी पाया पडते आणि येशू म्हणतो, मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणं बरं नाही. इथं लगेच सांगितलं जातं की मूळ ग्रीक शब्द घरातल्या लहान कुत्र्यासाठी आहे. ते खरं आहे. पण आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी घरांच्या मागच्या पिढ्यांनी गावकुसाबाहेर राहून शिळी भाकर मागून आणली आहे. त्यांच्या नातवंडांना शब्दाच्या या बारकाव्यानं दिलासा मिळत नाही, आणि मिळाल्याचं नाटक त्यांनी करू नये. रेघ राहू द्या. मग पुढं वाचा: ती बाई तिथंच उलट उत्तर देते, मेजाखालची कुत्रीसुद्धा मुलांचा चुरा खातात म्हणते, आणि ‘तुझ्या या बोलण्यामुळं जा’ असं सांगून येशू तिला मुलगी बरी झाल्याचं कळवतो. तिनं त्याचं बोलणं गोड करून घेतलं नाही, त्याला सोडूनही गेली नाही. आपल्या गटात असं बोलायला जागा आहे का, हे त्याच दिवशी विचारा.

एक शंका हमखास निघते: येशूला आपल्या भाषेत, आपल्या चालीत आणणं म्हणजेही त्याला बदलणंच नाही का? ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्यात राहायला आले आणि तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात होते. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणलं. तो पेहराव आपला. येशू काय बोलला हे मात्र बदलायचं नाही. अभंग गाऊन अध्याय वाचायला सुरुवात करा, पण अध्यायातली अडचणीची ओवी गाळू नका.

प्रार्थनेच्या बाबतीत मराठीनं आपल्याला मोठी सोय दिली आहे. आईला ‘अहो’ म्हणत नाही, तसं देवालाही आपण ‘तू’च म्हणतो. त्या ‘तू’चा उपयोग करा. स्तोत्र ८८ नमुन्याला घ्या. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीचा सूर येत नाही. चार वाक्यं लिहा: काय झालं, मी काय मागितलं, काय मिळालं नाही, आता मला तुझ्याविषयी काय वाटतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा पाणी उतरावं म्हणून प्रार्थना केलेली माणसं सांगलीत आहेत. ‘तरी पाणी चढलं’ हे वाक्य त्यांनी देवासमोर म्हणायलाच हवं. पाचवं, समजुतीचं वाक्य जोडण्याचा मोह टाळा. ‘हे दे, मग मी तुझी उपासना करीन’ असा नवसाचा सूर आला तर खोडू नका, शेजारी ‘सौदा’ असं लिहा. अटकेच्या रात्री गेथशेमानेत (१४:३६) येशू दुःखाचा प्याला दूर कर म्हणतो आणि सौदा करत नाही, हे सातव्या आठवड्यात वाचताना ते पान पुन्हा उघडा.

साक्षीला तीन मिनिटं पुरेत. बरं झालेलं सांगावं, न झालेलंही सांगावं, आणि औषध घेतलं असेल तर त्याचं नाव घ्यावं. मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं राहिलं ते प्रार्थना आणि औषध यांत भांडण न मानणाऱ्या लोकांमुळं, म्हणून गोळ्या गाळून सांगितलेली साक्ष या भागात तरी शोभत नाही. ऐकणारा उद्या इन्सुलिन बंद करतो, हा खरा धोका आहे. बेथसैदाच्या आंधळ्याला (८:२२ ते २६) पहिल्या स्पर्शानंतर माणसं झाडांसारखी दिसली, आणि त्यानं तसं सांगितलं. ‘स्पष्ट दिसतंय’ म्हणाला असता तर दुसरा स्पर्श झाला नसता, असा अंदाज करायला हरकत नाही.

आठव्या आठवड्यात १६:८ ला थांबा. सगळ्यांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत मार्क इथंच संपतो: कबरेवर गेलेल्या स्त्रिया भ्यालेल्या, कुणाला काही न बोलता पळालेल्या. पुढच्या ओव्या वाचायला हव्यात, पण त्या दुसऱ्या दिवशी वाचा. त्या रात्री ८:२९ मधला प्रश्न, ‘पण तुम्ही मला कोण म्हणता?’, वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. उत्तर एका ओळीत, ज्याचं त्यानं, कुणाला न दाखवता लिहावं. वह्या पाकिटात घालून एकाकडे ठेवा आणि पुढच्या पुनरुत्थान दिनानंतर (ईस्टरनंतर) उघडा. एखाद्यानं ओळ कोरी ठेवली तर त्याला काही विचारू नका, फक्त तारीख घालायला सांगा.