रणगाडे अडले? नकाशावर मागे बघा: हार्ट्स ऑफ आयर्न ४ मधल्या रसदीच्या चुका

हार्ट्स ऑफ आयर्न ४ या दुसऱ्या महायुद्धावरच्या संगणक खेळात जर्मनी घेऊन खेळताय. जून १९४१ ला बार्बारोसा, म्हणजे सोव्हिएत संघावरचा हल्ला, सुरू केलंत, मिन्स्क पटकन पडलं, स्मोलेन्स्क समोर दिसतंय आणि तेवढ्यात डिव्हिजनांवर (सैन्याच्या मोठ्या तुकड्यांवर) रसद तुटल्याची खूण उमटते. वेग मंदावतो, उपकरणं रोज गळतात, हल्ल्यातला जोर जातो. अशा वेळी नवा खेळाडू हमखास राखीव डिव्हिजनही पुढे ढकलतो. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधीच तुटपुंज्या शिदोरीला आणखी वाटेकरी येतात आणि लढणाऱ्यांच्या वाट्याचं होतं तेही कमी होतं. उलट करा: काही डिव्हिजन मागे, दुसऱ्या हबच्या (रसद वाटणाऱ्या केंद्राच्या) टापूत न्या. मग कारण शोधा.

कारण बहुतेकदा आघाडीवर नसतंच. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये 'नो स्टेप बॅक' हा खेळाचा विस्तार-भाग आला, त्याबरोबरच्या अपडेटने रसदीचं गणितच बदललं. त्याआधीचे व्हिडिओ बघून नुसतं इन्फ्रास्ट्रक्चर वाढवत बसू नका. आता माल राजधानीतून निघतो, रेल्वेने सप्लाय हबपर्यंत जातो आणि तिथून घोड्यांवर किंवा ट्रकांवर डिव्हिजनांकडे पोचतो. रेल्वेची लेव्हल १ ते ५ असते आणि अख्ख्या मार्गावर जिथे ती सर्वांत कमी, तिथलाच आकडा पुढे लागू होतो.

हे मला एका मोहिमेत नीट उमगलं. स्मोलेन्स्कचा हब माझ्या ताब्यात होता, तरी तिथल्या डिव्हिजन उपाशी. चार महिने सिव्हिलियन कारखाने लावून मी त्या हबभोवतीची लाइन वाढवत होतो. शेवटी सप्लायचा नकाशा उघडून हबवर क्लिक केलं आणि रेषेवरून बोट ठेवल्यासारखा मागे मागे गेलो. बर्लिनकडून वॉर्सापर्यंत सगळं ठीक, पण ब्रेस्टच्या पुढे एक छोटा तुकडा लेव्हल १ चा. तेवढा वाढवला आणि पुढचे सगळे हब सुधारले. म्हणून कारखाने लावण्याआधी ती रेषा राजधानीपर्यंत तपासाच. जिंकलेल्या प्रदेशात तर मोडलेले रूळही असतात. दुरुस्तीला कारखाने मोकळे नसतील तर लाइन नकाशावर दिसते, पण माल येत नाही. प्रत्यक्ष युद्धात जर्मनांपुढे याहून मोठी अडचण होती: सोव्हिएत रूळ १५२४ मिलिमीटरचे, जर्मन १४३५ चे. आपल्याकडे कुर्डुवाडीला ब्रॉडगेजचा माल अरुंद रुळांच्या बार्शी लाइटच्या डब्यांत चढवावा लागायचा, तेच दुखणं, फक्त तोफांच्या माऱ्यात.

"लाइन चांगली आहे, तरी शेवटच्या डिव्हिजनला मिळत नाही" असं असेल तर हबवरचं घोड्याचं चित्र बघा. ते ट्रकवर न्या, म्हणजे हबचा पल्ला वाढतो. पण गोदामात ट्रक शिल्लक असायला हवेत. सगळे ट्रक मोटराइज्ड (ट्रकवरून जाणाऱ्या) डिव्हिजनांना देऊन टाकलेत तर बटण दाबून काही होत नाही. आगगाड्यांचंही तेच. त्या मिलिटरी कारखान्यांत बनतात, शत्रूची विमानं त्या फोडतात, आणि १९३६ पासून एकही कारखाना त्यांना दिला नसेल तर १९४१ मध्ये चणचण भासणारच. मी आता एक कारखाना सुरुवातीपासून गाड्यांवर ठेवतो आणि पोलंड पडल्यावर वाढवतो.

रणगाडा डिव्हिजनमध्ये लॉजिस्टिक्स कंपनी (रसद सांभाळणारी साहाय्यक तुकडी) घाला. खाणं आणि इंधन दोन्ही कमी लागतं.

लिबियात खेळत असाल तर हे सगळं बंदराला लागू करा. तिथे माल जहाजांतून येतो. बंदराची लेव्हल लहान असेल, किंवा भूमध्य समुद्रात ब्रिटिश आरमार तुमचे काफिले बुडवत असेल, तर पुढे इजिप्तमधल्या अल अलामेनजवळ कितीही डिव्हिजन उभ्या करा, त्या जागच्या हलणार नाहीत. तिथे आधी समुद्र मोकळा करा, मग बंदर वाढवा, आणि तोवर थोड्याच पण चांगल्या डिव्हिजन ठेवा.