घरातल्या जुन्या, कमी ऐकलेल्या नावाचा अर्थ कसा शोधायचा : आमच्या हैबतीवरून सांगते

भावाला मुलगा झाला आणि मी आत्या, म्हणजे नाव सुचवायचं काम माझ्याकडं. भावाच्या मनात पणजोबांचं नाव होतं, हैबती. वहिनीलाही आवडलं, पण तिच्या माहेरच्यांनी विचारलं की अर्थ काय ह्या नावाचा, आणि आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. मोबाईलवर बघितलं तर एका साईटवर तेजस्वी, दुसरीकडं राजांचा राजा, तिसरीकडं अर्थाच्या जागी नुसती रास न लकी नंबर. हे सगळं साफ चुकीचं निघालं. बारसं सव्वा महिन्यानं ठेवलं होतं, तेवढ्या दिवसांत मी ह्या एकाच नावाच्या मागं लागले, आणि त्यातनं जी पद्धत हाताला लागली ती इथं लिहिते. कारण सातारा सांगलीकडं घरटी असं एखादं नाव असतंच, सर्जेराव, नाईकबा, केराप्पा, बिरू, पायगोंडा, आणि नातवंडांना त्याचा काहीच पत्ता नसतो.

सगळ्यात आधी नेट बंद करा आणि कागद घ्या. नाव घरात कसं कसं बोललं जायचं ते सगळं लिहून काढा. आमच्याकडं हैबती, हैबा, हैबतआण्णा, आणि शाळेच्या दाखल्यावर चक्क हयबत. ह्याचा उपयोग पुढं होतो कारण सरकारी कागदावर लिहिणाऱ्यानं कानाला जे ऐकू आलं ते लिहिलेलं असतं, तुम्ही एकच स्पेलिंग धरून बसलात तर काही सापडणार नाही. त्यात जुना कागद मोडीत असला तर मोडीत ऱ्हस्व दीर्घ वेगळं नसतंच, म्हणून त्यावरनं वाद घालू नका.

मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडं जा. बाईकडंच, कारण कोण कधी जन्मलं, आधीचं कुठलं मूल गेलं, कुठं नवस बोलला होता हे बायकांच्याच ध्यानात असतं. आणि तिला 'अर्थ काय' असं विचारू नका, ती म्हणेल मला अडाणीला काय ठावं. असं विचारा, हे नाव का ठेवलं, कुणाचं ठेवलं, महिना कुठला होता. मी आजीच्या धाकट्या जावेला असं विचारलं आणि ती लगेच म्हणाली, अगं पालखीच्या टायमाला झालेला त्यो, माउली लोणंदला हुती, म्हणून हैबतबाबाचं नाव ठेवलं. मी दोन आठवडे जे शोधत होते ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

पण तेवढ्यावर थांबू नका, शब्दाचा अर्थ वेगळा शोधावाच लागतो. त्यासाठी बाळांच्या नावांची साईट नको, शब्दकोश घ्या. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती 1857 ची) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932 पासून निघाला) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साईटवर फुकट बघता येतात, मोबाईलवरसुद्धा. नाव फारसी वळणाचं वाटलं तर माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांचा 1925 चा फार्सी-मराठी कोश आहे, तो मोठ्या वाचनालयात मिळतो. शोधताना एक करायचं, शेवटचं जी, बा, राव, राम, आप्पा काढून टाकायचं आणि उरलेला शब्द बघायचा. हैबतरावातला राव काढला की उरतं हैबत. मूळ अरबी, फारसीतनं मराठीत आलेलं, आणि अर्थ धाक, दरारा, भीती.

आता हे ऐकून वहिनीच्या आईचा चेहरा उतरला. बाळाचं नाव भीती? आणि इथंच मला ह्या सगळ्यातली मुख्य गोष्ट कळली, शब्दाचा अर्थ एक असतो आणि नाव ठेवायचं कारण दुसरंच असतं, आणि आपल्या माणसांनी नावं कारणावरनं ठेवलीत. हैबतराव हे सरदारांच्या घरातलं नाव होतं, ज्याचा शत्रूला धाक वाटावा असा, शाहू महाराजांच्या काळातले सरलष्कर हैबतराव निंबाळकर आहेतच. मग आपल्या साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतराव पवार, म्हणजेच आमच्या आजीच्या जावेनं सांगितलेले हैबतबाबा, शिंद्यांच्या पदरी सरदार होते, ते सगळं सोडून आळंदीला माउलींच्या सेवेला येऊन राहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला आजचं रूप दिलं, दिंड्यांची शिस्त, घोडे, मुक्काम सगळं. अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्यात साथ दिली, आजही सोहळ्याचे घोडे अंकलीहूनच येतात. आळंदीला महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे, कार्तिकीची सुरवात तिच्याच पूजेनं होते. म्हणजे दरारा अर्थाचा शब्द आमच्या घरात आला तो वारीच्या वाटेनं आला. हे सांगितल्यावर त्या आजीबाईंनी स्वतःहून हात जोडले. शहाजी नावाचं पण तसंच बघा, शब्द फारसी शाहवरनं, पण परंपरा सांगते की मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ दर्ग्याला नवस केला होता म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी.

म्हणून म्हातारी माणसं राहिली नसतील तर पुढची पायरी, घराचा देव आणि गावाचा देव. आपल्याकडं निम्मी अवघड वाटणारी नावं देवळापाशी सुटतात. बिरू, बिरदेव असलं की बिरोबा, मग आरेवाडीची जत्रा त्या घरात कोण करतं ते विचारा. सिदू, सिद्धनाथ असलं तर म्हसवड नाहीतर खरसुंडी. नाईकबा म्हणजे पाटणकडं बनपुरीचा डोंगर. काळू मांढरदेवची काळूबाई, यमाजी औंधची यमाई, म्हाळू पालीचा खंडोबा, जिथं पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. औदुंबर नावाचा माणूस भेटला की पलूस तालुक्यातलं दत्ताचं औदुंबर आठवा. मच्छिंद्र हे नाव वाळव्याकडं दिसलं तर वर मच्छिंद्रगड आहेच. हे आंधळेपणानं लावायचं मात्र नाही, त्या घराचा त्या देवाशी संबंध आहे का ते विचारून खात्री करायची.

सांगलीकडं अजून एक लक्षात ठेवा, कन्नड. नेमगोंडा, बाबगोंडा, आदगोंडा ह्यातलं गोंडा म्हणजे कन्नडमधला गौडा, गावचा पाटील. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वडलांचं नाव पायगोंडा होतं, ते मराठी कोशात शोधत बसलात तर हाताला काही लागणार नाही. आणि आण्णासो, बापूसो, बाबासो ह्यातला सो म्हणजे साहेब, लिहिताना आखूड केलेला आणि मग दाखल्यावर तसाच कायम झालेला. हिंदुराव, सर्जेराव ही मुळात किताबांची नावं, बहिर्जी घोरपड्यांना हिंदुराव किताब राजाराम महाराजांनी दिला, नंतर लोकांनी मुलांची नावंच तशी ठेवली.

मग राहतात ती दगडू, धोंडी, केरबा, कचरू, भिकू. ही नावं वाचून पोरं हसतात, हसू नये. आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून ह्या पोराला नजर लागू नये, देवानं पण ह्याला टाकाऊ समजून सोडून द्यावं म्हणून आईनं काळजावर दगड ठेवून ठेवलेलं नाव असतं ते. असं नाव घराण्यात सापडलं तर त्याच्या आधी किती मुलं गेली ते विचारा, बहुतेक वेळा उत्तर मिळतं. पण नकुशा हे ह्यातलं नाही. ते नवसाचं नाही न नजरेचं नाही, मुलगी नको होती म्हणून ठेवलेलं, सरळ नकोशी. आपल्याच सातारा जिल्ह्यात 2011 साली ऑक्टोबरमध्ये अशा 285 मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली, त्यातल्या कितीतरींनी स्वतःची नावं स्वतः निवडली. म्हणून घरात एखादी नकुशाआत्या असेल तर तिला चारचौघांत नावाचा अर्थ विचारू नका. तिला माहिती असतो.

कागदाचं थोडक्यात सांगते. पहिला कागद शाळेचा जनरल रजिस्टर, अर्ज दिला की उतारा मिळतो, त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, गाव सगळं एका ओळीत असतं. दुसरा कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद, तहसीलच्या अभिलेख कक्षात. पण त्यात जन्माला बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच, बापाचं नाव न मुलगा का मुलगी एवढंच असतं, त्यामुळं तिथं बापाच्या नावानं शोधा, आणि मयताच्या नोंदीत मात्र माणसाचं स्वतःचं नाव सापडतं. कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं 2023 पासून गावोगाव मोडी वाचणारी माणसं माहितीची झालीत, तुमच्या गावात कुणी ना कुणी त्यांचा नंबर देईल. तिसरं म्हणजे पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, नाशिकचे तीर्थोपाध्ये, त्यांच्या वह्यांत तुमच्या घरातलं कोण कधी येऊन गेलं त्याची नावं असतात, पिढ्यान्‌पिढ्या. आणि सगळ्यात मोलाचे आपल्याकडचे हेळवी, बैल घेऊन सुगीनंतर येतात, वंशावळ म्हणून दाखवतात. त्यांना दारातनं परत पाठवत असाल तर पाठवू नका, बसवा, चहा द्या, आणि विचारा की हे नाव आमच्यात पहिल्यांदा कुणाचं.

आता नाव किती चालतं, दुर्मिळ आहे का, हे कसं बघायचं. अमेरिकेत सरकारच 1880 पासूनची बाळांची नावं वर्षवार जाहीर करतं, आपल्याकडं तसं काही नाही, त्यामुळं कुठली साईट 'भारतात अमुक नंबरचं नाव' म्हणाली तर सोडून द्या. आपल्याकडं खरं साधन मतदार यादी. निवडणूक अधिकाऱ्यांच्या साईटवर गावाची यादी उघडते, त्यात नाव, वय आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, म्हणजे एकाच कागदावर दोन पिढ्या दिसतात. सर्च बऱ्याचदा चालत नाही, डोळ्यांनीच वाचायचं. मी आमच्या गावाची न शेजारच्या दोन गावांची वाचली, हैबती नावाचे मतदार सगळे म्हातारे, आणि बापाच्या रकान्यात मात्र हे नाव बऱ्याच वेळा, तिशीच्या आतला एकही नाही. नाव कुठल्या पिढीत बंद पडलं ते असं समोर दिसतं. वाचता वाचता मला वाईटच वाटलं खरं.

नाव पक्कं झालं तर जन्मदाखल्यावर वर्षाच्या आत घातलं की फी नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून घालता येतं. इंग्रजी स्पेलिंग घरात बसून एकच ठरवा आणि पहिल्या दाखल्यापासून तेच ठेवा, नाहीतर आधारला एक, शाळेत एक, आणि पोरगं दहावीला गेलं की प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. आणि जे काही सापडलं, कुणी सांगितलं, कुठल्या रजिस्टरात बघितलं, ते तारखेसकट वहीत लिहा. मी आजीच्या जावेचं बोलणं फोनवर रेकॉर्ड पण करून ठेवलंय, तिच्याच शब्दांत.

बारशाला मी बाळाच्या कानात हैबत सांगितलं, हैबती नाही, नुसतं हैबत, ते भावाचं म्हणणं होतं. दिवाळीनंतर हेळवी आला तेव्हा त्यानं वही काढली आणि पणजोबांच्या ओळीखाली नाव लिहिताना म्हणाला, शेवटची वेलांटी खाल्ली की तुम्ही. भाऊ म्हणाला, वेलांटी लावा. त्यानं लावली.