ढाब्यावरचा सावजी टाको : मका चुन्यात कसा शिजवायचा

टाकोत, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या मेक्सिकन भाकरीत, काय भरायचं याची चिंता विदर्भातल्या ढाब्याला नको. सावजी मटण आहे, झुणका आहे. गाडी अडते ती टॉर्टियावर, म्हणजे मेक्सिकोतल्या मक्याच्या पातळ भाकरीवर. गिरणीतून दळून आणलेल्या मक्याची भाकर दुमडली की मोडते. तिकडे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्यानं साल सुटतं, दाणा मऊ पडतो आणि वाटल्यावर पिठाला चिकटपणा येतो.

मका वाळलेला, खाण्याचा घ्या. पेरणीतून उरलेलं बियाणं चुकूनही नको, त्याला औषध चोळलेलं असतं. 1 किलो मक्याला 3 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम कोरडा खायचा चुना. पानाचा भिजवलेला, बिनवासाचा असेल तर साधारण दुप्पट. भिंतीचा चुना चालत नाही. भांडं स्टीलचं हवं, कारण जर्मनच्या गंजाला, म्हणजे अॅल्युमिनियमच्या भांड्याला, चुना खातो.

चुना पाण्यात कालवा, मका टाका, उकळी आली की मंद आचेवर 35-40 मिनिटं ठेवा. दाणा नखानं तोडून बघा: मधे बारीक पांढरा ठिपका राहिला की आच बंद. ठिपका पार गेला तर मका जास्त शिजला, पीठ गोंदासारखं होतं. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी तीन पाण्यांत चोळून धुवा, पिवळा पापुद्रा हातात येतो. धुण्यात आळस केला तर भाकरीला चुन्याचा कडवट वास राहतो. ते पाणी झाडांना घालू नका.

वाटण वेट ग्राइंडरवर, पाणी चमचा-चमचानं. मिक्सरमध्ये पाणी जास्त लागतं आणि तिथंच बिघडतं. मेक्सिकोत हे काम मेताते नावाच्या दगडावर होत आलंय. आपल्या पाट्याचा चुलतभाऊच तो. मीठ घालून मळा, 35 ग्रॅमचे गोळे करा. किलोभर मक्यात 45-50 होतात. तेलाच्या पाकिटाचं प्लास्टिक कापून त्याच्या दोन तुकड्यांत गोळा ठेवा आणि पुरीच्या प्रेसनं दाबा. कडा फाटल्या तर पाणी कमी, प्लास्टिकला चिकटलं तर जास्त. तवा कडक तापलेला हवा: पहिली बाजू 20 सेकंद, दुसरी मिनिटभर, परत उलटून फडक्यानं दाबली की फुगते. फुगली नाही तर बहुतेक तवाच थंड असतो. भाजलेल्या भाकरी टोपलीत फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं ठेवा. लगेच वाढल्या तर कडक लागतात. उन्हाळ्यात पीठ दुपारपर्यंत आंबतं, म्हणून दोन वेळचं वेगळं वाटा.

सावजी मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजवा, तुकडे मोडा, रस्सा आटवा. तर्री मात्र टाकोत ओतू नका, भाकरीचा लगदा होतो. वाटीत वेगळी द्या. बिर्रिया म्हणजे मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातलं रस्सेदार मटण. त्याच्या टाकोतही तर्री वाटीत वेगळी देतात, फक्त टॉर्टिया आधी तिच्यात बुडवून तव्यावर परततात, मग भरतात. आमच्या मते सावजीला याहून चांगला जोडीदार नाही. शाकाहारी ताटात झुणका कोरडाच हवा.

वरून चटणी: 4 टमाटर चुलीवर काळे होईस्तोवर भाजा. 5 वाळलेल्या भिवापुरी मिरच्या तव्यावर पाच-सात सेकंदच फिरवा, करपल्या तर कडू होतात. गरम पाण्यात 15 मिनिटं भिजवून पाट्यावर जाडसर वाटा. लिंबू, कच्चा कांदा आणि भरपूर सांबार (कोथिंबीर) वाढताना घाला, आधी कालवून ठेवलं तर पाणी सुटतं.