पाइपची तंबाखू मुरवताय? मग या चुका टाळा

तंबाखू मुरवायला काय करावं लागतं असं कुणी विचारलं की मी सांगतो, काचेच्या बरणीत भरा, झाकण घट्ट लावा, तारीख लिहा आणि अंधाऱ्या कपाटात ठेवून द्या. बास. पण एवढं साधं कुणाला पटतच नाही, प्रत्येकाला मध्ये काहीतरी करून बघायचं असतं, आणि जी वाट लागते ती बहुतेक वेळा त्या मधल्या उद्योगांमुळेच लागते. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय.

सगळीच तंबाखू मुरते असं धरून चालणं

जुनी म्हणजे भारी, हे डोक्यातून काढा आधी. आपल्याकडे कुठलं पान आहे ते बघा. व्हर्जिनियाचं पान गरम हवेच्या कोठीत पटकन वाळवतात, त्यामुळे त्यातली साखर पानातच राहते, आणि पुढची वर्षानुवर्षं जी गंमत होते ती मुख्यतः या साखरेमुळे. रंग गडद होत जातो, नव्या व्हर्जिनियाने जीभ चुरचुरते तो तिखटपणा कमी होतो आणि मनुका-अंजिरासारखा गोडवा वर येतो. बर्लीचं उलटं आहे, ती साध्या हवेत सावकाश वाळते आणि त्यात साखर जवळपास उरतच नाही, म्हणून बर्ली जरा मवाळ होईल पण तिचा कायापालट वगैरे होणार नाही. ओरिएंटल यांच्या मधली. पेरीक तर अमेरिकेतल्या लुइझियानाच्या सेंट जेम्स भागात पिंपात दाबून, आंबवूनच तयार होते, तरी व्हर्जिनियासोबत असली की दोघी मिळून सुंदर मुरतात, माझं सगळ्यात आवडतं मिश्रण तेच.

लॅटाकियाबद्दल मात्र लोक ऐकत नाहीत. ती धुरावर वाळवलेली असते, तिची सगळी ऐट त्या धुराच्या वासात आहे, आणि तो वास वर्षांमागून वर्षं उतरत जातो. मवाळ झालेली आवडत असेल तर ठेवा, पण तो ठसका हवा म्हणून घेतली असेल तर साठवताय कशाला, ओढून टाका. आणि व्हॅनिला, चेरीचा वास लावलेली ॲरोमॅटिक तर मुरवायच्या भानगडीत पडूच नका, तो वास वरून लावलेला असतो, काळ गेला की तो फिका पडतो आणि खाली जे राहतं ते बहुधा साधंच पान असतं.

सारखं झाकण उघडून बघणं

माझी सगळ्यात जास्त चिडचिड होते ती या चुकीवर. माझ्या एका मित्राने आणि मी एकाच वेळी एकाच लॉटची व्हर्जिनिया फ्लेक, म्हणजे दाबून पातळ चकत्या कापलेली तंबाखू, घेतली होती. मी ती छोट्या छोट्या बरण्यांत भरून ठेवली, त्याने सगळी एका मोठ्या बरणीत भरली आणि ती बरणी टेबलावरच ठेवली, म्हणजे आला पाहुणा की उघड झाकण, दे वास, रविवार आला की काढ एक फ्लेक, बघू किती मुरलीय. काही वर्षांनी म्हणायला लागला की एजिंग म्हणजे मुरवणं वगैरे सगळं थोतांड आहे, काही फरक पडत नाही. मग माझी एक बरणी घेऊन गेलो आणि दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या. त्याच्या फ्लेक कडेने फिक्या, बोटात धरल्या की चुरा होत होता, वास वाळक्या गवताचा. माझ्यातल्या जवळजवळ काळपट तपकिरी, एकमेकींना चिकटलेल्या, नखाने हळूच सोडवाव्या लागल्या, आणि झाकण उघडल्याबरोबर आधी आंबूस, व्हिनेगरसारखा भपका आला, तो थोड्या वेळात गेला आणि मागून गोड वास सुटला. तंबाखू तीच, लॉट तोच. त्याने काही वाईट केलं नव्हतं, फक्त तिला एकटं सोडलं नव्हतं.

दर वेळी झाकण उघडलं की ओलावा जातो, वासाची जी हलकी तेलं असतात तीही जातात, आणि ती परत येत नाहीत. पाणी मारून ओलावा आणता येतो, वास नाही. म्हणून माझी पद्धत सोपी आहे, एका बरणीत तेवढीच भरायची जेवढी उघडल्यावर महिना-दोन महिन्यांत संपेल. चव घेऊन बघायचीच असेल तर त्यासाठी एक बरणी वेगळी ठेवा, बाकीच्यांना हात लावू नका. कंपनीच्या सीलबंद डब्यालाही हाच नियम, एकदा उघडला की तो मुरवायचा डबा राहिला नाही, उरलेली लगेच बरणीत भरा.

पांढरं दिसलं की घाबरणं, किंवा न घाबरणं

जुन्या व्हर्जिनियावर बारीक पांढरे कण दिसतात, लोक ती बुरशी समजून चांगली तंबाखू फेकतात. आणि दुसरे महाभाग खरी बुरशी आलेली असताना "क्रिस्टल आहेत हो" म्हणून ओढतात, ते तर जास्त वाईट. भिंग घ्या, उजेडात पान तिरकं धरा. क्रिस्टल असेल तर मीठ सांडल्यासारखं चमकतं आणि पानाला सपाट चिकटलेलं असतं. बुरशी चमकत नाही, ती केसाळ, कापसासारखी वर उठलेली असते, जाळं धरते, कधी हिरवट-करडी दिसते आणि कुबट वास मारते. बुरशी असेल तर वरचं काढून खालचं वाचवायच्या फंदात पडू नका, सगळं टाका.

बाकीच्या, पटापट

प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशव्या काही आठवड्यांसाठी ठीक, वर्षांसाठी नाही, त्यातून ओलावा निघून जातो.

सिगारच्या लाकडी ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगार दमट ठेवायच्या पेटीत, पाइपची तंबाखू ठेवू नका, लाकडाचा वास लागतो आणि तिथल्या दमटपणात बुरशी धरायची भीती.

धुतलेली बरणी कोरडी ठणठणीत झाल्याशिवाय भरायची नाही.

तंबाखू सुकली म्हणून सफरचंदाची फोड टाकायचा सल्ला कोण देतं कुणास ठाऊक, ते बुरशीला आमंत्रण आहे.

पत्र्याचे डबे ओल्या जागी गंजतात, गंजाने बारीकसं भोक पडलं की आतला माल सुकून जातो, म्हणून अधूनमधून डब्यांची बुडं बघत जा.

ओव्हनमध्ये बरणी तापवून "झटपट एजिंग" करणाऱ्यांनो, गरम केल्याने पान काळं आणि मवाळ होतं हे खरं, पण ती वेगळीच प्रक्रिया आहे, वेगळी चव आहे, वर्षांचं काम तासात होत नाही.

लॅटाकियाच्या बरणीचं झाकण दुसऱ्या तंबाखूला वापरू नका, रबराच्या रिंगमधला तो वास धुऊनही जात नाही.

मुरलेली तंबाखू मऊ लागते म्हणून ती कमी घातक झाली असं अजिबात नाही, धूर तो धूरच आणि निकोटिनही आहेच त्यात.

आणि तारीख झाकणावर लिहू नका, झाकणं अदलाबदल होतात. बरणीच्या अंगावर चिठ्ठी लावा, त्यावर नाव, भरल्याचा महिना-वर्ष, आणि डब्यावर बनवल्याची तारीख असेल तर तीही.